जुन्या स्पोर्ट्‌स गाडीची चाल सुधारताना

हुकचा नियम शिकवताना आपण फळ्यावर एक स्प्रिंग काढतो, तिला वजने टांगतो आणि भार वाढेल तशी लांबी वाढते हे आलेखाने दाखवतो. रेषा सरळ आली की प्रयोग संपतो. हीच स्प्रिंग मोटारीखाली बसवली, तिला चाक जोडले आणि ते चाक डावी-उजवीकडे वळेल अशी सोय केली, की साधा वाटणारा नियम बराच घोळ घालू लागतो. हा घोळ समजून घ्यायला नवी गाडी फारशी उपयोगी नाही. तिचे प्रश्न कारखान्यातल्या संगणकावर आधीच सुटलेले असतात आणि उत्तरे झाकणाखाली दडलेली असतात. जुनी गाडी मात्र उघड्या पुस्तकासारखी असते. म्हणून आपण एक जुनी स्पोर्ट्‌स गाडी घेऊ आणि तिचे सस्पेन्शन व स्टिअरिंग सुधारायचे म्हणजे नेमके काय करायचे ते पाहू.

गाडी आहे एमजीबी. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे आजही जगभर हौशी लोकांकडे ती आढळते आणि तिचे सुटे भागही मिळतात. १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन, दोन माणसांची जागा, वजन साधारण एक टन. पुढची चाके स्वतंत्र: प्रत्येकाला आपली कॉइल स्प्रिंग आणि वर-खाली दोन बाहू. मागे मात्र बैलगाडीच्या आसासारखा एकसंध ॲक्सल, आणि तो पाट्यांवर टांगलेला. पाटे म्हणजे एस.टी. किंवा ट्रकच्या मागच्या चाकाशी वाकून पाहिले की दिसतात त्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. ही रचना आपल्याला परकी नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मांडणीही अशीच होती: पुढे बाहू आणि कॉइल स्प्रिंगा, मागे सलग ॲक्सल आणि पाटे.

अशी गाडी हाती आली की बहुतेकांचा पहिला विचार असतो, स्प्रिंगा कडक करू या. कडक म्हणजे स्पोर्टी, आणि स्पोर्टी म्हणजे चांगले. हा समज किती खरा, ते तपासण्यासारखे आहे, कारण त्यावर चालवणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

आधी स्प्रिंग पाहू. गाडीचे वजन पडल्यावर स्प्रिंग किती दबते, एवढे एकच माप घेतले तरी तिची स्वाभाविक वारंवारता काढता येते. दोलकाचे सूत्र आठवा. तसेच इथेही वस्तुमान आणि स्प्रिंगचा स्थिरांक हिशेबातून निघून जातात आणि उरते ते असे: दर सेकंदाला होणारी आंदोलने म्हणजे ०.५ भागिले दबण्याच्या अंतराचे वर्गमूळ, अंतर मीटरमध्ये. स्प्रिंग २० सेंटिमीटर दबली तर वारंवारता सुमारे १.१, दहा सेंटिमीटर दबली तर १.६ आणि पाच दबली तर २.२. माणसाला चालण्याची सवय आहे, म्हणून एक ते दीडच्या आसपासची वारंवारता शरीराला मानवते. दोनच्या वर गाडी दणके देऊ लागते. यातली गंमत ही की, स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी वारंवारता दुप्पट होत नाही, १.४ पटच होते. म्हणजे खर्चाच्या मानाने फरक थोडा, आणि त्रास मात्र पाठीच्या कण्याला पुरेपूर. आमच्या क्षेत्रात नाजूक उपकरणे ज्या टेबलांवर ठेवतात त्यांचाही हाच हिशेब असतो: जमिनीच्या कंपनांपासून वाचायचे तर टेबलाची वारंवारता जितकी कमी तितकी चांगली.

मऊ स्प्रिंगेचा दोष एकच, ती झुलत राहते. तिला आवरायला शॉक ॲब्सॉर्बर लागतो, ज्याला आपल्याकडे सगळे गॅरेजवाले शॉकअप म्हणतात. नावात धक्का शोषणे आहे, पण धक्का घेते ती स्प्रिंग. शॉकअप करतो ते अवमंदन. तेल बारीक छिद्रातून ढकलले जाते आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. एमजीबीचे शॉकअप आजच्यासारखे नळीचे नाहीत. ते तरफेचे आहेत: एका ओतीव पेटीतून आडवा दांडा बाहेर येतो, त्याला बाहू जोडलेला असतो, आणि चाक वर-खाली झाले की तो बाहू पेटीतले दट्टे हलवून तेल ढकलतो. तेल थोडे असते, तापले की पातळ होते, आणि जुन्या पेट्या गळतात. त्यामुळे सुधारणेच्या यादीत नळीचे शॉकअप नेहमी वर असतात.

इथे पहिली मेख आहे. एमजीबीच्या पुढच्या चाकाला जे दोन बाहू आहेत, त्यांतला वरचा बाहू म्हणजे शॉकअपचाच बाहू. वेगळा वरचा बाहू नाहीच. एका भागाकडून दोन कामे करून घेण्याची ही इंग्रजी काटकसर आहे. म्हणून शॉकअप काढून टाकतो म्हटले तर चाकाला वरून धरणारे काहीच उरत नाही. जे लोक नळीचे शॉकअप लावतात ते जुनी पेटी जागेवरच ठेवतात, फक्त तिचे अवमंदनाचे काम काढून घेतात. नाहीतर चाकांना धरणारी सगळी आडवी तुळईच नव्या रचनेची बसवतात. याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पेटीतल्या दांड्याचे बेअरिंग झिजले की चाकाचे वरचे टोक हलू लागते आणि गाडी रस्त्यावर भरकटते. मालक स्टिअरिंग बदलायला निघतो, दोष मात्र शॉकअपमध्ये असतो. तेव्हा काही नवे घेण्याआधी जुने भाग तपासून दुरुस्त करणे, किंगपिनला ग्रीस देणे, थकलेले रबरी बुश बदलणे, हीच बहुतेक वेळा सर्वांत मोठी सुधारणा ठरते. नीट दुरुस्त केलेले तरफेचे शॉकअप साध्या रस्त्यावर पुरेसे आहेत असे आमचे मत आहे.

आता वळणाकडे येऊ. समजा, ५० मीटर त्रिज्येचे वळण आपण ताशी ७१ किलोमीटर वेगाने घेतो आहोत. आडवे त्वरण येते गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट. गाडीचे वजन १००० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दोन चाकांमधले अंतर १.२५ मीटर धरू. वळणाच्या आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तितकाच बाहेरच्या चाकांवर वाढतो. किती? वजन गुणिले ०.८ गुणिले ०.५ भागिले १.२५, म्हणजे ३२० किलो. (सोयीसाठी बल किलो-भारात दिले आहे; वर्गात ९.८ ने गुणून न्यूटन करून घ्यावेत.)

या सूत्रात काय नाही ते पाहा. त्यात स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, दांडे नाहीत. स्प्रिंगा कितीही कडक करा, भार सरकायचा तेवढा सरकणारच. गाडी कमी झुकेल, आणि चालवणाऱ्याला वाटेल की काहीतरी मोठे साधले. पण टायरांना झुकाव कळत नाही, त्यांना भार कळतो. तो कमी करायचा तर तीनच वाटा आहेत: वजन उतरवा, गुरुत्वमध्य खाली आणा किंवा चाके एकमेकांपासून लांब न्या.

मग कडकपणाने काहीच होत नाही का? होते, आणि तेच धोक्याचे आहे. पुढच्या जोडीने या ३२० पैकी किती वाटा उचलायचा आणि मागच्या जोडीने किती, हे कडकपणा ठरवतो. जी बाजू जास्त कडक, तिच्या वाट्याला जास्त. त्यासाठी झुकाव-रोधक दांडा वापरतात. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा हा पिळाचा दांडा दोन्ही चाके एकदम वर गेली तर नुसता फिरतो, पण एकच वर गेले तर पिळला जाऊन विरोध करतो.

आता टायरचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. शाळेत आपण शिकवतो की घर्षणबल भाराच्या प्रमाणात असते. रबराच्या बाबतीत हे पूर्ण खरे नाही. भार वाढतो तशी पकडही वाढते, पण जरा कमी दराने. उदाहरणासाठी असे धरू की टायरचा घर्षणांक १ पासून सुरू होतो आणि दर १०० किलो भारामागे ०.०४ ने घटतो. सरळ रस्त्यावर प्रत्येक चाकावर २५० किलो आहेत. घर्षणांक ०.९, म्हणून दोन चाकांची मिळून पकड ४५० किलो. वळणावर पुढच्या जोडीत २०० किलो सरकले, तर बाहेरच्या चाकावर ४५० आणि आतल्यावर ५०. पकड येते ३६९ अधिक ४९, म्हणजे ४१८. मागच्या जोडीत उरलेले १२० सरकले, तर ३७० आणि १३०. पकड सुमारे ४३८. वळण घेण्यासाठी प्रत्येक जोडीला ४०० लागतात. म्हणजे पुढे १८ किलो शिल्लक आहेत आणि मागे ३८. वेग थोडा वाढला तर आधी पुढची चाके सुटतील. गाडी हवी तितकी वळणार नाही, रुंद जाईल; चालवणारा घाबरून ॲक्सिलरेटर सोडेल, वेग कमी होईल आणि सहसा निभावून जाईल.

याच गाडीला कोणी हौसेने मागे जाड दांडा बसवला आणि वाटणी उलटी झाली, मागे २०० व पुढे १२०, तर शिल्लकही उलटते. आता मागे १८ आणि पुढे ३८. आधी मागची चाके सुटतील. मागचा भाग बाहेर फेकला जाईल, आणि ॲक्सिलरेटर सोडला तर भार आणखी पुढे सरकून मागची पकड अधिकच कमी होईल. ज्या सवयीने पहिल्या वेळी वाचवले, तीच सवय आता गाडीला गिरकी देईल. एकूण पकड तेवढीच, झुकावही कमी, पण स्वभाव पार बदललेला. बारकावे सोडून केलेला हा हिशेब आहे, तरी मुख्य गोष्ट त्यात आली आहे. म्हणून एमजीबी सुधारताना दांडा जाड करायचा तर आधी पुढचा, आणि मागचा बसवायचा तर पुढच्याचा विचार करूनच.

कारखान्यालाही हा धडा मिळाला होता. अमेरिकेतील बंपर व हेडलाइटसंबंधीच्या नियमांमुळे १९७४ साली एमजीबीला जड, काळे रबरी बंपर बसवावे लागले आणि गाडी सुमारे एक इंच उचलावी लागली. १९७५ च्या मॉडेलवर पुढचा झुकाव-रोधक दांडाही प्रमाणित साहित्यातून वगळला गेला, कारण खर्च वाचवायचा होता. गाडीची चाल बिघडली, सर्वांच्या लक्षात आली, आणि १९७७ च्या मॉडेलसाठी पुढे-मागे दोन्हीकडे दांडे देऊन ती बरीचशी सावरावी लागली. वरच्या सूत्रात उंची ५० ऐवजी ५२.५ सेंटिमीटर घातली तर ३२० चे ३३६ होतात. वाढ पाच टक्के. दोष नेहमी त्या एका इंचाला दिला जातो, पण आमच्या मते खरा घात केला तो पुढचा दांडा काढण्याने.

मागच्या पाट्यांकडे थोडे वळू. तेही एकाच वेळी अनेक नोकऱ्या करतात. ते स्प्रिंग आहेत, ॲक्सलला पुढे-मागे आणि आडवे धरून ठेवणारे हात आहेत, आणि इंजिनाने जोर लावला की ॲक्सल उलटा पिळू पाहतो त्याला अडवणारी तरफही आहेत. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासून थोडे अवमंदन करतात. गाडी खाली आणण्यासाठी काही जण पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालतात. उंची कमी होते, पण ॲक्सल पाट्यापासून दूर गेल्याने पिळण्याचा परिणाम वाढतो; जोरात निघताना पाटा एस आकारात वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो आणि मागची चाके थडथड उड्या मारतात. पाटा बदलताना त्याची स्प्रिंग म्हणून नोकरी तेवढी पाहिली, बाकीच्या विसरल्या, तर असे होते.

स्टिअरिंगमध्ये एमजीबीला दोष द्यायला फारशी जागा नाही. रॅक आणि पिनियन, म्हणजे दात्यांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारे छोटे दंतचक्र, ही रचना मुळातच नेमकी आहे. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून त्याला जास्त कोन द्यावा लागतो. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल, तर या गाडीच्या मापांनी (चाकांच्या पुढच्या-मागच्या जोडीत २.३१ मीटर अंतर) आतल्या चाकाचा कोन सुमारे २८ अंश आणि बाहेरच्याचा २२ अंश येतो. त्रिकोणमिती शिकणाऱ्या मुलांना हे गणित जरूर द्यावे. ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. म्युनिकच्या लॅन्केन्स्पर्गर या गाडी-बांधणाऱ्याने ती १८१७ मध्ये घोडागाडीसाठी मांडली. लंडनमध्ये त्याच्या वतीने पेटंट घेतले ॲकरमनने, आणि नाव त्याचेच राहिले.

मालकांची तक्रार असते ती स्टिअरिंग जड लागण्याची, विशेषतः गाडी उभी करताना. कारण कॅस्टर कोनात आहे. सायकलचा पुढचा फोर्क मागे झुकलेला असतो, तशी चाक ज्या आसाभोवती वळते तो एमजीबीत ७ अंश मागे झुकलेला आहे. त्यामुळे तो आस जमिनीला जिथे टेकला असता, त्याच्या मागे चाक टेकते. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर हे अंतर ३.७ सेंटिमीटर येते. गाडीला सरळ ठेवणारा हात हाच. फिरत्या खुर्चीची चाके ढकलल्यावर आपोआप मागे वळतात ती याच कारणाने. ७ अंश ठेवले गेले त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरांसाठी. आजचे रेडियल टायर स्वतःच चाक सरळ करण्याचा जोर लावतात, म्हणून तेवढा कोन आता लागत नाही. पुढची तुळई आणि सांगाडा यांच्यामध्ये पाचरीसारखी चकती घालून कोन साडेचार अंशांवर आणला तर अंतर २.४ सेंटिमीटर होते आणि स्टिअरिंग हलके होते.

याचा एक कमी चर्चिलेला फायदा आहे. टायर घसरण्याच्या सीमेजवळ आला की त्याचा स्वतःचा सरळ करण्याचा जोर कमी होत जातो, आणि स्टिअरिंग हातात किंचित सैल वाटते. चाके सुटण्याआधीची ही सूचना असते. कॅस्टरचा जोर फार असला तर त्याखाली ती दबते. तो कमी केला तर अधिक स्पष्ट होते. विजेच्या मोटारीची मदत देणारे स्टिअरिंगही आता या गाडीला बसवता येते. ज्यांचे खांदे थकले आहेत त्यांनी ते जरूर बसवावे, पण मदत जास्त ठेवली तर ही कुजबूज हातापर्यंत पोचत नाही.

आणखी एक दोष गाडी खाली आणताना घडतो, आणि तो वर्गात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी दाखवता येतो. चाक वर-खाली होताना खालचा बाहू एका कंसात फिरतो आणि रॅकपासून चाकाकडे जाणारा टाय रॉड दुसऱ्या कंसात. एक पट्टी २५ सेंटिमीटरची आणि दुसरी १५ ची घ्या, दोन्ही टाचणीने फळ्यावर आडव्या टोचा आणि मोकळी टोके ५ सेंटिमीटर वर उचला. पहिलीचे टोक ५ मिलिमीटर आत येते, दुसरीचे साडेआठ. हा साडेतीन मिलिमीटरचा फरक १२ सेंटिमीटर लांबीच्या स्टिअरिंग बाहूवर लागला, तर चाक पावणेदोन अंश वळते. म्हणजे हाताने काहीही केले नाही, नुसता खड्डा आला, आणि गाडी वळली. दोन्ही पट्ट्या २५ च्याच घेतल्या, पण एक सुरुवातीलाच ३ सेंटिमीटर तिरकी ठेवली, तर फरक सहा मिलिमीटरवर जातो. कारखाना हे कंस जुळवतो ते ठरावीक उंचीसाठी. स्प्रिंग कापून गाडी खाली आणली की जुळणी मोडू शकते, आणि मग रॅकची उंची चकत्या घालून पुन्हा बसवावी लागते. कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसेल याचीही खात्री नसते. त्यापेक्षा योग्य लांबीची नवी घ्यावी.

बुशांबद्दल थोडक्यात. रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले तर चाक जागचे हलत नाही, पण रस्त्याची प्रत्येक खरखर सांगाड्यात येते. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही-८ गाडीत खालच्या बाहूला धातूच्या नळीत बसवलेले रबरी बुश होते. साध्या एमजीबीला तेच घालणे हा चांगला मध्यम मार्ग आहे.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. भारतात २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर ती मूळ रूपात असावी लागते आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१८ साली ४० वर्षांवरील गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली, तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगचा प्रकारच बदलणे हा मोठा बदल मानला होता. सुरक्षितता किंवा कार्यक्षमता वाढवणारे बदल मात्र चालत. त्यामुळे बोल्ट काढून मूळ स्थितीत आणता येईल असाच बदल करणे शहाणपणाचे.

असे कोणतेही काम केले की पुढच्या चाकांची दिशा पुन्हा मोजावी लागते, कारण बुश बदलला तरी ती सरकते. यंत्र नसले तरी चालते. सपाट जागी गाडी उभी करून दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूने खूण करावी आणि खुणांमधले अंतर मोजावे. मग चाके अर्धा फेरा फिरतील इतकी गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला आल्यावर पुन्हा मोजावे. एमजीबीत दुसरे अंतर पहिल्यापेक्षा दीड ते सव्वादोन मिलिमीटर जास्त यायला हवे.